ओळख हाडांची – भाग ७ : श्वासाचे सांधे पाठीत

मान खाली झुकवून मानेमागे बोट फिरवलं की सर्वांत ठळक लागणारं टोक बहुतेकांच्या बाबतीत मानेच्या सातव्या मणक्याचं असतं, हे गेल्या भागात पाहिलं. तिथून खाली उतरलं की पाठीचे बारा मणके सुरू होतात आणि त्यांच्यासोबत बरगड्याही. मान अवघडते म्हणून तिच्याबद्दल बोललं जातं, कंबर दुखते म्हणून तिच्याबद्दलही. मधल्या या बारा मणक्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही. मला मात्र सगळ्या कण्यात सर्वांत पाहण्यासारखा भाग हाच वाटतो, कारण श्वास घेताना बरगड्या ज्या सांध्यांवर फिरतात ते इथे, पाठीत आहेत.

पाचवी बरगडी उदाहरणाला घेऊ. तिचं मागचं टोक, म्हणजे डोकं, चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मध्ये बसतं. चौथ्याच्या खालच्या कडेला अर्धी खोबण, पाचव्याच्या वरच्या कडेला उरलेली अर्धी आणि मध्ये दोघांमधली चकती. डोक्यापासून बरगडी जराशी मागे आणि बाहेर जाते. तिथे तिच्यावर एक लहान उंचवटा असतो, तो पाचव्या मणक्याच्या आडव्या फाट्याला टेकतो. एकाच बरगडीला मागे असे दोन आधार मिळतात आणि त्या दोहोंमधून जाणाऱ्या रेषेभोवती ती फिरते. वरच्या बरगड्यांमध्ये ही रेषा अशी असते की फिरताना पुढचं टोक वर आणि पुढे सरकतं. खालच्या बरगड्यांमध्ये ती अधिक तिरकी होते, त्यामुळे बरगडीचा कडेचा भाग बाहेर उचलला जातो, बादलीची कडी उचलावी तसा. दोन्ही हात छातीच्या खालच्या भागावर कडेने ठेवून खोल श्वास घेतला की ही हालचाल तळहातांना कळते. तान्ह्या बाळाच्या बरगड्या जवळजवळ आडव्या असतात. उचलायला त्यांना फारसा वावच नसतो, म्हणून श्वासाबरोबर बाळाचं पोट हलताना दिसतं.

चरकसंहितेत बरगड्या २४, त्यांच्या खोबणी २४ आणि उंचवटे २४ असे वेगवेगळे धरून ७२ हा आकडा दिला आहे. दात आणि नखंही मोजलेली असल्याने एकूण हाडं ३६० भरतात. आजच्या २०६ शी हे जुळत नाही म्हणून पुष्कळ जण तो आकडा बाजूला सारतात. मला तसं करवत नाही. खोबण आणि उंचवटा ज्यांनी स्वतंत्र मोजला, त्यांनी हा सांधा अगदी जवळून न्याहाळला असणार. युरोपात गेलनने छातीच्या मधल्या हाडाचे सात भाग सांगितले होते. ते तीन आहेत हे वेसालियसने १५४३ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवलं.

या मधल्या हाडाला, उरोस्थीला, वरच्या सात बरगड्या आपापल्या कूर्चेने थेट जोडलेल्या असतात. आठवी, नववी आणि दहावी यांच्या कूर्चा वरच्या बरगडीच्या कूर्चेला मिळतात. अकरावी आणि बारावी पुढे कशालाच जोडलेल्या नसतात, त्यांची टोकं पोटाच्या स्नायूंत संपतात. कूर्चेमुळे छातीला लवचीकपणा येतो. हृदय बंद पडलेल्या प्रौढ माणसाची छाती दाबताना ती निदान ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, असं शिकवलं जातं. नुसत्या हाडाची छाती इतकी दबली नसती. वय वाढतं तशी या कूर्चांमध्ये कॅल्शियम साठतं आणि छाती ताठर होत जाते.

स्वतःच्या बरगड्या मोजायच्या तर पहिलीपासून सुरुवात करता येत नाही, ती कॉलरबोनखाली दडलेली असते. गळ्याच्या खळगीतून बोट सरळ खाली न्यावं. तीन-चार बोटांवर हाडाला एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना जी बरगडी येऊन मिळते ती दुसरी. तिथून खाली मोजत जायचं. ईसीजी काढणारे तंत्रज्ञही याच खुणेवरून चौथी फट शोधतात आणि पहिली दोन बटणं उरोस्थीच्या दोन्ही बाजूंना तिथे लावतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक पन्हळ असते. तिच्यातून रक्तवाहिन्या आणि नस जाते. छातीतलं पाणी काढताना सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून घालतात, ती यासाठीच.

बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे पाठीचे मणके कमरेच्या मणक्यांसारखे पुढे-मागे मनसोक्त वाकत नाहीत. वळण्याचं काम मात्र ते कमरेपेक्षा जास्त करतात. मागे वळून बघताना आपल्याला कंबर वळल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात कमरेच्या मणक्यांचे सांधे जवळजवळ उभ्या आणि समोरासमोरच्या पृष्ठांचे असल्याने ते फार थोडे फिरतात.

मणका फिरला की त्याला जोडलेली बरगडीही फिरते, आणि याच गोष्टीचा उपयोग एका आजाराच्या शोधात होतो. वाढीच्या वयात काही मुलांचा कणा कुशीला वाकतो. याला स्कोलिओसिस म्हणतात. कणा नुसता वाकत नाही, मणके स्वतःभोवती फिरतातही. त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे ढकलल्या जातात. मूल सरळ उभं असताना हे सहज लक्षात येत नाही, पुढे वाकलं की पाठीची एक बाजू उंच दिसते. विल्यम ॲडम्स या इंग्रज सर्जनने एकोणिसाव्या शतकात सांगितलेली ही तपासणी आजही त्यांच्याच नावाने करतात. दप्तराच्या ओझ्याने असा वाक येतो, असा समज घरोघरी आहे. तसं सिद्ध झालेलं नाही. बहुतेक मुलांत कारण सापडत नाही. मोठा वाक मुलींमध्ये अधिक आढळतो आणि तो सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून उशिरा कळतो. पट्ट्याचा, म्हणजे ब्रेसचा, उपयोग मात्र हाडांची वाढ चालू असेपर्यंतच होतो.

घरात दहा ते पंधरा वर्षांचं मूल असेल तर अधूनमधून त्याला उघड्या पाठीने, पाय जुळवून आणि दोन्ही तळहात एकत्र धरून कमरेतून पुढे वाकायला सांगा आणि मागे उभं राहून पाठ पाहा. एक बाजू उंच वाटली तर थांबू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.