आकुर्डी ते पोन्तेदेरा : दहा जणांची एक सफर

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या घरांना युरोप तसा अनोळखी नाही. फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ ही नावं इतरांना शोरूमच्या पाटीवर दिसतात, आपल्याकडे ती कामगारांच्या बसच्या काचेवर दिसतात. पण तो युरोप कामाचा. सुट्टी काढून, म्हातारे आईवडील आणि लेकरं सोबत घेऊन तिकडे फिरायला जायचं म्हटलं, की घरात एकामागून एक प्रश्न उभे राहतात. पैसे कुठून आणायचे? खायचं काय? नमाजचं कसं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, घरातल्या थोरल्या माणसांना हे झेपेल का?

गेल्या मे महिन्यात आम्ही दहा जण भूमध्य समुद्रातल्या जहाजाच्या सफरीला जाऊन आलो. अब्बा, अम्मी, आम्ही दोघं आणि आठवीतली मुलगी असे घरचे पाच. सोबत चाकणच्या कंपनीतला जुना मित्र, त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि त्यांची दोन मुलं. दहावी व्यक्ती म्हणजे आमची विधवा फुफी. अल्हम्दुलिल्लाह, सगळे सुखरूप परतलो. त्यानंतर मोहल्ल्यात आणि नातेवाइकांत इतक्या जणांनी इतके प्रश्न विचारले, की हे सगळं एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं.

पैशाचा हिशेब

सहलीसाठी कर्ज द्यायला आता सगळेच तयार असतात. आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं की व्याजाच्या पैशावर फिरायला जायचं नाही. माणशी दरमहा सहा हजार रुपये बाजूला काढायचे, तेही तीन वर्षं. माणशी दोन लाख सोळा हजार जमले आणि तेवढ्यातच सगळं बसवलं. आम्हा दोघांचे पगार होते, अब्बांची आणि फुफीची स्वतःची बचत होती, मित्राने त्याच्या घरचा वाटा उचलला. ज्या वर्षी पैसे साठून राहिले, त्या वर्षी आमच्या वाट्याची जकातही काढली. सहलीसाठी ठेवलेला पैसा जकातीतून सुटत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

एका नातेवाइकांनी तोंडावर विचारलं, “एवढ्या पैशात उमरा झाला असता, मग हे कशाला?” प्रश्न चुकीचा नव्हता. अब्बा-अम्मी आणि फुफी यांचा हज झालेला आहे. कुणाचं देणं बाकी नव्हतं, मुलीच्या शिक्षणाचा पैसा वेगळा ठेवलेला होता. हे सगळं आधी जागेवर असेल तरच अशी सफर करावी, असं आमचंही मत आहे. फर्ज बाजूला सारून किंवा देणेकऱ्याला थांबवून केलेली मौज कुणाच्याच घराला बरकत देत नाही.

जहाज का?

अब्बा अडुसष्ट वर्षांचे. गुडघे दुखतात, अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवत नाही. रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरायच्या आणि बसमध्ये सहा तास बसायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. जहाजात खोली एकदाच लावायची. रात्री झोपायचं, सकाळी खिडकीबाहेर दुसरं शहर. ज्याला उतरायचं नाही त्याने डेकवर बसून समुद्र बघावा. सगळीकडे लिफ्ट आणि चाकाची खुर्ची असते.

त्याला दुसरी बाजूही आहे. प्रत्येक बंदरावर आठ-दहा तासच मिळतात, आणि परतायची वेळ चुकली तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. जहाजावर दारूचे बार आणि जुगाराचं दालन असतंच. बुकिंग करताना पेयांचं पॅकेज गळ्यात मारतात, ते स्पष्ट नाकारावं. सेवाशुल्क माणशी रोजचं वेगळं लागतं, ते आधीच विचारून घ्यावं.

व्हिसाबद्दल दोन गोष्टी. शेंगेन व्हिसा आता २९ देशांत चालतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. ज्या देशात जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज करायचा; दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तिथे. जहाज मध्येच ट्युनिससारख्या शेंगेनबाहेरच्या बंदराला लागणार असेल तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसाच हवा, नाहीतर परत आत येता येत नाही.

दस्तरखान आणि मुसल्ला

युरोपातल्या जहाजांवर हलाल मांस मिळेलच असं नाही. आम्ही मासे, अंडी, डाळ, भाज्या आणि फळं यांवर सात दिवस आरामात काढले. बुकिंगच्या वेळीच लेखी कळवलं होतं, त्यामुळे मुख्य आचारी स्वतः टेबलाशी येऊन कोणत्या रश्श्यात वाइन आहे, कोणत्या गोड पदार्थात जिलेटिन आहे ते सांगायचा. वहिनी शाकाहारी. त्यांना मांस नको आणि आम्हाला हलाल नसलेलं नको, म्हणून दोन्ही घरांचं टेबल आपोआप एक झालं. अम्मीने नेलेलं लिंबाचं लोणचं आणि वहिनींची शेंगदाण्याची चटणी चौथ्या दिवशी संपली!

सामानात प्लास्टिकचा छोटा लोटा जरूर ठेवा. तिकडच्या बऱ्याच बाथरूममध्ये कागदाशिवाय काही नसतं.

नमाजसाठी खोली पुरेशी असते. आपण महाराष्ट्रात पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतो. तिथे किबला पूर्व-आग्नेय दिशेला येतो. आमच्या मुलीला याचं मोठं नवल वाटलं. तिने नकाशा काढून आजीला समजावलं, की मक्का आता आपल्या दुसऱ्या बाजूला आहे. जहाज वळत असतं, म्हणून उभं राहण्याआधी दर वेळी दिशा पाहून घ्यायची. सफरीत चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन होतात, ही केवढी सोय आहे ते प्रवासातच कळतं. मे महिन्यात तिकडे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. इशाला साडेदहा वाजून जातात आणि फजर लवकर होते. म्हणून दुपारी एक डुलकी घ्यायचा नियमच केला.

बार्सिलोना आणि मार्सेय

जहाज बार्सिलोनाहून सुटणार होतं, म्हणून दोन रात्री आधी पोहोचलो. १८८२ साली सुरू झालेल्या सग्रादा फमिलिया या गगनचुंबी चर्चसमोर मुलं माना वर करून थकली. पण अब्बांची कळी खुलली ती रावाल भागात. तिथे पाकिस्तानातून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. किराणा दुकानदार उर्दूत बोलला, हलाल जेवण मिळालं. मार्सेयच्या जुन्या बंदराजवळच्या बाजारात अल्जीरिया आणि ट्युनिशियाचे मसाले, खजूर आणि पुदिन्याचा चहा. फुफी म्हणाली, परदेशात आलोय असं वाटतच नाही.

गांधीलमाशीचं गाव

तिसऱ्या दिवशी जहाज इटलीच्या लिव्होर्नो बंदराला लागलं. सगळे प्रवासी पिसा आणि फ्लोरेन्सकडे पळाले. आम्ही आधी पोन्तेदेराला गेलो, कारण ही सफर ठरवताना अब्बांनी एवढी एकच मागणी केली होती.

अब्बा १९७८ साली आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात लागले. चेतक स्कूटरच्या जुळणीवर त्यांची हयात गेली. तेव्हा स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, हुंड्यात चेतक मागायचे. त्या चेतकचं मूळ पोन्तेदेरात आहे. तिथला पियाज्योचा कारखाना आधी विमानं बनवायचा. दुसऱ्या महायुद्धात तो उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर लोकांना स्वस्त वाहन हवं होतं, तेव्हा कोर्रादिनो दास्कानियो या विमानांच्या इंजिनिअरने एक नव्या तऱ्हेची दुचाकी आखली. सांगाडा वेगळा नाही, पत्र्याचं अंगच सांगाडा. इंजिन झाकलेलं, पुढे पाय ठेवायला मोकळी जागा. २३ एप्रिल १९४६ रोजी तिच्या पेटंटचा अर्ज झाला. नाव व्हेस्पा, म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी. १९६०च्या दशकात तीच गाडी पियाज्योच्या परवान्याने आकुर्डीत बनू लागली. करार संपला आणि १९७२ साली चेतक आली. आज पियाज्योचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात बारामतीला आहे.

जुन्या कारखान्याच्या इमारतीतच आता संग्रहालय आहे. अब्बा चाकाच्या खुर्चीतून उतरले आणि एकेका गाडीसमोर थांबत चालत राहिले. सत्तरच्या दशकातल्या एका गाडीपाशी ते वाकले. म्हणाले, “ये तो अपना इच गाडी है.” मग मुलांना त्यांनी दाखवलं, डाव्या मुठीत गिअर कसा फिरतो, केबल कुठून जाते, बाजूचं झाकण बसवताना हात कुठे कापायचा. त्यांच्या अंगठ्याजवळचा तो व्रण आम्ही लहानपणापासून पाहत होतो. तो कशाचा हे त्या दिवशी कळलं. तिथला पहारेकरी हे सगळं बघत होता. आमच्या मुलीने मोबाइलवर त्याला इटालियनमध्ये लिहून दाखवलं, की हे भारतातल्या कारखान्यात हीच गाडी जोडायचे. त्याने अब्बांशी दोन्ही हातांनी हात मिळवला, आणि स्वतःकडे बोट करून खुणेने सांगितलं की त्याचे वडीलही इथेच कामाला होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी बराच वेळ चालला त्यांचा संवाद.

बोटीवर परतताना अब्बा एवढंच म्हणाले, आम्ही वर्षानुवर्षं गाडी जोडली, पण ती कुठून आली हे बघायचं राहिलं होतं.

दुपारी पिसा गाठलं. झुकलेल्या मनोऱ्याचं बांधकाम ११७३ साली सुरू झालं, हे सगळ्यांना सांगतात. त्याच्या शेजारच्या संग्रहालयात एक पंखवाला ब्राँझचा प्राणी आहे, त्याच्या अंगावर कूफी लिपीत अरबी दुआ कोरलेली आहे. मुस्लिम कारागिरांनी बनवलेला हा प्राणी १८२८पर्यंत चर्चच्या छपरावर उभा होता. आता तिथे नक्कल आहे. याच पिसाचा लिओनार्दो, ज्याला जग फिबोनाची म्हणतं, लहानपणी उत्तर आफ्रिकेतल्या बिजाया गावी राहिला. भारतात जन्मलेले आणि अरबांनी पुढे नेलेले आकडे तो तिथे शिकला आणि १२०२ साली त्याने पुस्तक लिहून ते युरोपला समजावले. आपल्याकडून आकडे तिकडे गेले, तिकडून स्कूटर आपल्याकडे आली. मुलांना इतिहासाचा एवढा धडा पुरेसा होता.

जुमा, पालेर्मो, माल्टा

शुक्रवारी रोम. मुसाफिरावर जुमा वाजिब नाही, पण ठरवून गेलो. सकाळी कोलोसियम बाहेरून पाहिलं आणि उत्तरेकडच्या मोठ्या मशिदीत पोहोचलो. पाओलो पोर्तोगेझी या इटालियन वास्तुशिल्पकाराने इतरांच्या साथीने आखलेली ही मशीद १९९५ साली खुली झाली. आतले खांब वर जाऊन झाडांच्या फांद्यांसारखे फुटतात. मित्र आणि वहिनी मुलांना घेऊन बाहेरच्या बाजारात आमची वाट बघत बसले, पाण्याच्या बाटल्या सांभाळत.

सिसिलीतलं पालेर्मो ८३१ ते १०७२ मुस्लिम सत्तेखाली होतं. नंतर आलेल्या नॉर्मन राजांनी ती कला पुसली नाही, कारागिरांना कामाला ठेवलं. राजवाड्यातल्या प्रार्थनामंदिराच्या लाकडी छतावर अरबी अक्षरं आहेत. मुख्य चर्चच्या दारातल्या एका खांबावर कुरआनची आयत कोरलेली आजही दिसते. याच राजा रॉजरच्या दरबारात अल-इद्रीसीने ११५४ साली जगाचा भूगोल पूर्ण केला. बाजारात पानेल्ले नावाची गरम वडी घेतली. अम्मीने तुकडा मोडून पाहिला आणि निकाल दिला, “हे तर आपलं बेसन!” खरंच, ते हरभऱ्याचंच पीठ होतं.

माल्टाची भाषा अरबीतून निघालेली आहे, लिपी मात्र रोमन. समुद्राला बहर, पाचाला हम्सा. अम्मीने तिथल्या फळवाल्याशी एक ते पाच मोजून दाखवले आणि त्याने एक संत्रं जास्त टाकलं.

जाणाऱ्यांसाठी

ज्यांच्या मनात अशी सफर आहे त्यांना आमचं एवढंच सांगणं. कार्यक्रम ठरवताना घरात सगळ्यात हळू कोण चालतं ते आधी बघा आणि त्याच्या पावलाने बेत आखा. एका दिवशी एकच मोठी जागा. विमानतळावर चाकाची खुर्ची मागायला लाजू नका, तिकीट काढतानाच नोंदवा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. आणि आईवडिलांना एकदा विचारा, तुम्हाला काय बघायचंय? बहुतेक घरांत हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. आम्हीही विचारला तेव्हा अब्बा दोन दिवस गप्प होते, मग त्यांनी एका गावाचं नाव सांगितलं, जे आमच्यापैकी कुणी ऐकलंही नव्हतं.

पैसा पुन्हा साठतो. गुडघे मात्र दरवर्षी थोडे थोडे थकत जातात.