चतुर्थीची ओहोटी

काशीदला जायचं ठरलं की मी आधी कॅलेंडरमध्ये तिथी बघते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हा कोकणातला जुना हिशोब. चतुर्थीला भरती ३ वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी ९ च्या सुमारास. ऊन चढायच्या आत परतता येतं.

सगळा खेळ वाळूचा. सुरूंखालची कोरडी, पांढरी वाळू दिसायला सुंदर, पण माझ्या व्हीलचेअरची पुढची बारकी चाकं तिच्यात रुततात. ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर खुर्ची बरी चालते. मधला कोरडा पट्टा दादा मला उलटी ओढत नेतो, पुढची चाकं अधांतरी ठेवून. समुद्राकडे पाठ करून समुद्र गाठायचा!

मुंबईहून येताना भाऊचा धक्का ते मांडवा ही २०२० साली सुरू झालेली रो-रो बोट सोयीची. गाडीच बोटीत चढते.

मुक्कामाचं मात्र नीट विचारावं. "व्हीलचेअर येईल ना?" असं विचारलं की सगळे "हो, हो" म्हणतात. एकदा त्या "हो"पुढे तीन पायऱ्या निघाल्या. आता मी न्हाणीघराच्या दाराची रुंदी इंचांत विचारते.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हीलचेअरसाठी पाण्याच्या जवळ जाणारी लाकडी वाट झाली. पुढच्याच महिन्यात मंदौस वादळाने तिची मोडतोड केली. दादा म्हणाला, "आपल्याकडे निदान मी तरी आहे." तो पन्नाशीचा, त्याची कंबर धरते.