स्विचचं फर्मवेअर शेवटचं कधी अपडेट केलं?

गोंदिया, तिरोडा, देवरीकडच्या शाळा-कार्यालयांचं नेटवर्क सांभाळणाऱ्यांनो, मॅनेज्ड स्विच एकदा रॅकमध्ये बसला की त्याकडे कुणी बघत नाही. बघायलाच हवं! मार्च २०१८ च्या अखेरीस सिस्कोने 'स्मार्ट इन्स्टॉल' या सुविधेतली त्रुटी दुरुस्त करणारं अपडेट दिलं. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात इराण आणि रशियातले असुरक्षित राहिलेले स्विच हल्ल्यात सापडले, त्यांचं कॉन्फिगरेशनच पुसलं गेलं. ही सुविधा वापरत नसाल तर 'नो व्हीस्टॅक' या कमांडने ती बंद करता येते.

अपडेटआधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवा. फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या, चेकसम जुळवा. काही स्विचमध्ये फर्मवेअरच्या दोन प्रती राहतात. नवी बिघडली तर जुनीवरून सुरू करता येतं. मला ही सोय सगळ्यात मोलाची वाटते. फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली तर स्विच निकामी होऊ शकतो. म्हणून यूपीएस हवाच, आणि जूनमधल्या आपल्याकडच्या गडगडाटात हे काम काढूच नका.

नंतर आरएसटीपी चालू आहे ना, तेही पाहा. एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून त्याच स्विचमध्ये खोचली गेली, तर अख्खं ऑफिस ठप्प होण्यापासून तेच वाचवतं.