स्नेहसंमेलनाचा पडदा कुणासाठी उघडतो?

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते. मोठ्या शहरांतल्या मोठ्या शाळांचे रंगीत फोटो वर्तमानपत्रांत झळकतात. पण ठाण्याहून बाळकुमच्या बाजूने खाडीवरचा पूल ओलांडून कशेळीत उतरले, की पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळपर्यंत भिवंडी तालुक्याचा जो पट्टा पसरला आहे, तिथल्या एखाद्या लहानशा हायस्कूलच्या संमेलनाची बातमी आपण कधी वाचली आहे काय? भातशेतीच्या जागी गोदामे आली, गोदामांमागून कंटेनर आले, रस्त्याच्या मध्ये मेट्रो-५ चे खांब उभे राहिले. माल ठेवायला जागा आहे, मुलांना नाचायला-गायला जागा नाही, अशी स्थिती झाली आहे.

पोटापाण्याच्या प्रश्नांपुढे नाटक-गाण्याचे काय एवढे, असे म्हणणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. त्यांना एकच विचारावेसे वाटते. आपली चळवळ न शिकलेल्या माणसापर्यंत पोहोचली कशावर? पुस्तकावर नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले, ते नाटकच होते. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या अज्ञानावर जगणाऱ्या व्यवस्थेला त्या नाटकाची झळ कळली होती, म्हणूनच ते नाकारले गेले असे माझे मत आहे. पुढे सत्यशोधक जलसे आले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा ढाचा तोच, ढोलकी तीच. पण देवादिकांच्या स्तुतीच्या जागी समतेचा विचार आला आणि फार्समध्ये सावकार, भटजी, पाटील यांची भंबेरी उडू लागली. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांना पाणवठ्याचा हक्क, मुलांना शाळेत घालणे, मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडणे हे सारे जलशाने समजावले. वामनदादा कर्डकांनी मोठेपणी अक्षरओळख करून घेतली आणि आयुष्यभर गावोगाव गात राहिले. २००४ साली ते गेले, पण आजही एप्रिल महिन्यात त्यांच्या गाण्याशिवाय एकही वस्ती जागी होत नाही.

आता विद्यार्थ्यांच्या रंगभूमीचे आपल्या घरातले उदाहरण पाहा. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. तिथे येणारी मुले मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली, पायात चप्पल नसलेली. अशा मुलांना आधी इंग्रजी-गणित पक्के करा, नाटकबिटक नंतर, असे कुणीही म्हटले असते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी तसे म्हटले नाही. त्यांनी स्वतः 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांकडून ते करवून घेतले. युगायुगांतून चालत आलेल्या अस्पृश्यांच्या व्यथेचा तो प्रवास होता, आणि तो मांडत होती त्याच व्यथेतून आलेली मुले. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी हे नाटक पाहिले. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. जगाच्या इतिहासातील एवढ्या मोठ्या धर्मांतराच्या सोहळ्यात कॉलेजातल्या मुलांच्या नाटकाला स्थान मिळाले, याचा अर्थ आपण नीट लावलेला नाही. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना या नाटकाचे नाव आवर्जून घेतले जाते. प्रेमानंद गज्वींचे 'घोटभर पाणी', दत्ता भगतांचे 'वाटा-पळवाटा' ही नंतरची वाटचाल. अलीकडे २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगमंचावर आले. राजकुमार तांगडे यांचे लेखन, नंदू माधव यांचे दिग्दर्शन, संभाजी भगत यांची संकल्पना आणि गाणी. आणि त्यात काम करणारी बरीचशी माणसे जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. नाट्यशिक्षणाचा कागद त्यांच्याकडे नव्हता. मुंबई-पुण्याच्या रसिकांनी रांगा लावून ते पाहिले.

या वारशाशेजारी आजचे शाळेचे संमेलन ठेवून पाहू. मुलांना नाच शिकवायला बाहेरचा नृत्यदिग्दर्शक येतो. गाणे पेनड्राइव्हवर असते, बहुतेक सिनेमाचे. ड्रेपरीवाल्याकडून पोशाख भाड्याने आणायचे आणि भाडे पालकांनी द्यायचे. इथेच पहिली चाळणी लागते. गोदामात रोजावर जाणारी आई हे पैसे देऊ शकत नाही. मग ती मुलगी घरी सांगते, "मला नाचायची आवडच नाही." संमेलनाच्या दिवशी ती शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. दुसरी चाळणी भूमिकांची. ऐतिहासिक प्रसंगात राजा कोण, राणी कोण आणि भालदार-चोपदार कोण, हे एकदा हजेरीपटावरची आडनावे समोर धरून तपासावे. काळ्यासावळ्या पोराला राक्षसाचे काम द्यायचे आणि गोऱ्या मुलीला भारतमाता करायचे, हे अजूनही सर्रास चालते. कुणी मुद्दाम करत असेल असे मी म्हणत नाही. मुद्दाम न करताही जे घडत राहते, त्यालाच तर जातव्यवस्था म्हणतात.

आणि गंमत अशी, की याच मुलांच्या घरात गाण्याची खाण आहे. कशेळीच्या परिसरात आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. तालुक्याच्या आतल्या पाड्यांवर वारल्यांचा तारपा वाजतो. भिवंडीच्या यंत्रमागांवर आलेल्या उत्तरेकडच्या कामगाराला बिरहा येतो, तेलुगू पद्मशाली घरांत त्यांची वेगळी गाणी. आणि आपल्या वस्तीत तर ढोलकी खुंटीलाच टांगलेली असते. एका वर्गातल्या चाळीस मुलांनी आपापल्या आजीचे एकेक गाणे आणले, तर संमेलनाला नृत्यदिग्दर्शक कशाला लागेल? १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या तालुक्यात, वेगवेगळ्या मोहल्ल्यांतल्या मुलांनी एकमेकांची गाणी पाठ करणे ही लहान गोष्ट नाही.

मी वकील असल्यामुळे कायद्याकडे वळणे भाग आहे. मुलांच्या कला-करमणुकीच्या हक्काला जगाने मान्यता दिली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील कलम ३१ तेच सांगते आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम २९ अभ्यासक्रम ठरवताना संविधानातील मूल्ये आणि बालकाचा सर्वांगीण विकास विचारात घ्यायला लावते. दुर्बल व वंचित घटकातील मुलाशी भेदभाव होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी कलम ८ आणि ९ ने शासन व स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. इथवर सर्व ठीक. पण याच कायद्याची अनुसूची उघडा. सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुले असतील, तरच कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक! म्हणजे लहान शाळेतल्या मुलाचा गळा कायद्याच्या हिशेबात बसतच नाही. नव्याण्णव मुलांच्या शाळेला गाणे नको असते काय? नववी-दहावी तर या कायद्याच्या कक्षेबाहेरच. त्यात २०१५ साली महाराष्ट्र शासनाने कला-क्रीडा विषयांसाठी अतिथी निदेशकांची टूम काढली, तेव्हा एका तासिकेचे मानधन ठरवले ५० रुपये. एवढ्या पैशात ठाण्याहून कशेळीला येऊन पेटी शिकवणारा माणूस शासनाने दाखवून द्यावा.

दहावीला कलेसाठी वाढीव गुण मिळतात. शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आणि लोककला यांना ते लागू आहेत. क्लासची फी भरणाऱ्या घरातले मूल शास्त्रीय परीक्षांच्या वाटेने गुण घेऊन जाते. आपल्या मुलांसाठी लोककलेची वाट खुली आहे, पण प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जावा लागतो आणि कला शिकवणारा शिक्षकच नसलेल्या शाळेत तो प्रस्ताव करणार कोण? भीमगीत गाणाऱ्या शाहिराच्या नातवाला आपल्या गाण्याचेही गुण मिळू शकतात, याचा पत्ताच नसतो.

आणखी एक भीती मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकायला येते. आंबेडकरी नाटक किंवा एखाद्या कवीचे गाणे बसवायचे म्हटले की "कॉपीराइटची भानगड नको" असे उत्तर मिळते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(जे) नुसार शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटक वा गाणे सादर केले आणि प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक व त्या उपक्रमाशी संबंधित लोकच असले, तर तो भंग ठरत नाही. तिकीट लावून गाव जमवले तर प्रश्न वेगळा, तेव्हा लेखकाची परवानगी घ्यावी. लेखकाला ते आवडेलच.

शासनाला दोष दिला की आपले काम संपत नाही. भीमजयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या करण्यात आपली मंडळे चढाओढ करतात. एका रात्रीच्या त्या भाड्यात एका शाळेची पेटी, ढोलकी, हलगी आणि लेझीमचा संच येऊन वर पैसे उरतील. डीजेने आपल्या वस्तीतला जिवंत वाजवणारा बेकार केला, त्याचा मुलगा ढोलकीला हात लावत नाही. ज्या चळवळीने जलशातून माणसे घडवली, तिने आपल्या मुलांना आयत्या आवाजावर नाचायला सोडून द्यावे, हे मला पटत नाही. हे लिहिल्यावर काही तरुण मित्र रागावतील. रागवावे, पण पेटी आणून रागवावे.

कशेळी-काल्हेरच्या बाजूच्या शाळांत करण्यासारखे काम साधे आहे. ज्या विहारात रविवारी वंदना होते, तिथे एखादा निवृत्त गायक, वादक असतोच. त्याने आठवड्यातल्या दोन दुपारी शाळेत जावे. मुलांनी नाटक विकत न आणता स्वतः रचावे. नळाला पाणी कधी येते, गोदामात रात्रपाळी कशी चालते, खाडीतले मासे कमी का झाले, हे विषय त्यांना कुणी शिकवावे लागत नाहीत. संवाद त्यांच्या बोलीतच राहू द्यावेत, आगरी बोलणाऱ्या पोराला पुस्तकी मराठीत कोंबू नये. पोशाख घरातलेच असावेत.

आणि पालकांनी एक करावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यात वंचित घटकातील पालकांना प्रमाणात स्थान द्यावे लागते आणि निम्म्या महिला असतात. अनुदानित खासगी शाळेत ही समिती केवळ सल्लागार आहे हे खरे, तरी तिचे इतिवृत्त लिहावेच लागते. जूनमधल्या पहिल्या बैठकीतच लेखी मागणी द्यावी, की संमेलनासाठी कोणत्याही पालकाकडून पैसे घेऊ नयेत, प्रत्येक मुलाला रंगमंचावर एकदा तरी स्थान मिळावे आणि लोककलेच्या वाढीव गुणांचे प्रस्ताव मुदतीत पाठवावेत. मागणीच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नये.