रस्ता कीं अंगण ?

छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि दर जून महिन्यांत शाळा भरली कीं प्रार्थनेनंतर मुलांना एक उपदेश नेमानें केला. ‘रस्ता ओलांडण्यापूर्वीं उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, पुन्हां उजवीकडे पाहा, आणि रस्त्यांत धांवूं नका.’ उपदेश खोटा नव्हता. परंतु एके वर्षीं शाळेसमोरच सहावींतील एका मुलास मोटारीनें उडविलें. मुलगा वांचला, त्याचा डावा पाय मात्र कायमचा अधू झाला. दुसऱ्या दिवशीं आम्ही वर्गासमोर उभे राहिलों आणि म्हणालों, ‘पाहा, न पाहतां धांवल्याचें हें फळ !’ त्या वाक्याची आज आम्हांस लाज वाटते. ती कां वाटते, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

संस्कृतांत रस्त्यास ‘रथ्या’ असा एक शब्द आहे. रथ जाण्याची ती रथ्या. ‘पद्धति’ हा शब्दही मुळांत वाटेचाच. पायांनीं तुडवून पडलेली ती पद्धति. रस्ता रथाचा कीं पायांचा, हा वाद असा शब्दांतच लपलेला आहे. आमच्या शहरांतून तो वाद रथानें केव्हांच जिंकला. परंतु नेदर्लंड्स, म्हणजे ज्यास आपण हॉलंड म्हणतों, त्या लहानशा देशांत हरत चाललेल्या पायांनीं तो पुन्हां लढविला. ती हकीकत आमच्या वाचकांनीं अवश्य ऐकण्यासारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशांत सुबत्ता आली आणि घरोघर मोटारी आल्या. त्यांना वाट देण्यासाठीं रस्ते रुंद झाले, सायकलवाले व पादचारी कडेला लोटले गेले. १९७१ या एकाच सालीं तेथें रस्त्यांवर सुमारें ३३०० माणसें मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. व्हिक लांगेनहोफ नांवाच्या पत्रकाराची लहान मुलगी अशीच गेली. १९७२ सालीं त्यानें दैनिकांत एक लेख लिहिला. त्याचा मथळा होता ‘बालहत्या थांबवा’. तोच मथळा पुढें एका चळवळीचें नांव झाला. आईबाप मुलांसह रस्त्यांवर उतरले, वाहतूक अडवून बसले, गल्ल्या मुलांच्या खेळासाठीं मोकळ्या मागूं लागले. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ‘मुलांनो, सावध राहा’ असें सांगण्यावर त्यांनीं समाधान मानलें नाहीं. त्यांनीं रस्त्यासच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें.

त्याच्या थोडें आधींपासून डेल्फ्ट नगरांत योस्त व्हाल हा इंजिनियर व त्याचे सहकारी गल्ल्यांवर एक निराळाच प्रयोग करीत होते. पदपथ आणि गाडीरस्ता यांमधील पायरीच त्यांनीं काढून टाकली. सरळ वाट मुद्दाम वांकडी केली. मधून मधून झाडें लावलीं, बांक ठेविले. अशा गल्लींत माणसानें सर्व रुंदीभर चालावें, मुलांनीं खेळावें आणि मोटारीनें पायीं चालणाराच्या गतीनें जावें, असा नियम. १९७६ सालीं त्यास कायद्याची मान्यता मिळाली. या रचनेचें डच नांव ‘वोनेर्फ’. त्याचा सरळ अर्थ ‘राहतें अंगण’.

अंगण म्हटल्याबरोबर वाड्यांत वाढलेल्या आमच्या वाचकांस पुढचें सांगावयास नको. सायकलवरून आलेला माणूस दिंडीदरवाजाशींच खालीं उतरत असे. ‘सावकाश चालवा’ अशी पाटी तेथें कोणीं लाविली नव्हती. अंगणाची घडणच तें सांगत होती. उलट, विमानाच्या धांवपट्टीसारखा सरळ व रुंद रस्ता बांधावयाचा, आणि त्यावर ‘वेग आवरा’ अशी पाटी लावावयाची, म्हणजे एका तोंडानें दोन आज्ञा करणें होय. त्यांतली चालक कोणती पाळतो, हें आपण रोज पाहतोंच.

वेगाचें एवढें माहात्म्य कां, याचें गणित सातवींतील मुलालाही करतां येईल. ताशीं ५० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत जवळजवळ १४ मीटर जाते. मूल दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत चालकास एक सेकंद लागतो असें धरा. पुढें कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी थांबावयास आणखी साधारण तितकेंच अंतर लागतें. एकूण सुमारें २८ मीटर. वेग ३० असेल तर पहिल्या सेकंदांत ८ मीटरांहून थोडें अधिक व थांबावयास ५. एकूण १३ हून थोडें अधिक. आतां साडेतेरा मीटरांवर एक मूल रस्त्यांत आलें अशी कल्पना करा. तिशीची मोटार त्याच्या पायांशीं थांबते. पन्नाशीची मोटार त्याजवर आदळते, तेव्हां ब्रेक लागलेलाच नसतो. आणि तिच्या अंगची शक्ति तिशीच्या मोटारीच्या सुमारें पावणेतीन पट असते. सरासरी वेग शेंकडा एकानें वाढला कीं प्राणघातक अपघाताचा धोका शेंकडा चारानें वाढतो, असें जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

स्वीडनच्या संसदेनें १९९७ सालीं याच विचारास धोरणाचें रूप दिलें. माणूस चुकणारच; परंतु चुकीची शिक्षा मृत्यु असतां कामा नये, आणि ती तशी होऊं न देण्याची जबाबदारी रस्ता आंखणाराचीही आहे, हें त्याचें सार. नेदर्लंड्समध्यें २०२३ सालीं रस्त्यांवर ६८४ माणसें मेलीं. लोकवस्ती मध्यंतरीं बरीच वाढूनही १९७१ च्या मानानें हा आंकडा एक-पंचमांशाच्या जवळ आहे. सगळें श्रेय रस्त्यांच्या घडणीस नाहीं. आसनपट्टे आणि सुधारलेली वैद्यकी यांचाही त्यांत वांटा आहे. पण घडणीचा वांटा मोठा आहे. आपल्या देशांत २०२२ या एका सालीं रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. दिल्लीच्या आय्. आय्. टी. मधील प्रा. दिनेश मोहन (१९४५–२०२१) कित्येक वर्षें कंठशोष करून सांगत राहिले कीं, नुसत्या उपदेशानें अपघात थांबत नाहींत. रस्ते व वाहनें सुधारलीं पाहिजेत. आम्ही तर उपदेशावरच जगलेले !

गेल्या दिवाळींत तो विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. आतां तो दोन मुलांचा बाप आहे. आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, त्या दिवशीं मी पाहिलं होतं. उजवीकडेही पाहिलं होतं. पण फाटकापुढं बस उभी होती. तिच्या आडून कांहीं दिसतच नव्हतं.”

वर्गांत हें आम्हीं त्याला कधीं विचारलेंच नव्हतें. फाटकाच्या दोन्ही अंगांस चार खांब रोंवून तेथें गाडी उभी राहणें अशक्य केलें असतें, पदपथाचा कोपरा थोडा पुढें काढला असता, आणि ओलांडण्याची जागा वीतभर उंच बांधली असती, तर त्याला मोटार दिसली असती व मोटारवाल्याला तो दिसला असता. खर्च वर्गाच्या एका खोलीहूनही कमी आला असता.

वाचकांस आमची एक विनंति आहे. येत्या रविवारीं घरापासून मुलांच्या शाळेपर्यंत नातवाचा हात धरून चालत जा आणि वही बरोबर ठेवा. पदपथ सोडून खालीं उतरावें लागलें, तें ठिकाण लिहा. रस्ता ओलांडतांना उभ्या गाडीआडून दिसलें नाहीं, तें ठिकाण लिहा. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर वांकून एकदां पाहा. ती यादी चार शेजाऱ्यांच्या सह्यांसह नगरपालिकेच्या रस्तेखात्यांत द्या, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्यास जाऊन विचारा. आमची यादी सतरा ठिकाणांची झाली. ती आम्हीं गेल्या महिन्यांत दिली. त्या विद्यार्थ्याची सही तिच्यावर पहिली आहे.