घरगुती पाळणाघर : विश्वासाला कागदाचा आधार

भिलाई पोलाद प्रकल्पाच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले आणि छत्तीसगडच्या मैदानात देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कुटुंबांची नगरी वसली. आजी, आत्या, काकू गावीच राहिल्या. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याच्या या गावात आई-वडील दोघेही कामावर जाऊ लागले, की लहान मुलाला कोण सांभाळणार, हा प्रश्न उभा राहतो. पुष्कळदा त्याचे उत्तर शेजारच्या घरात मिळते. मात्र मोबदला ठरला की शेजारधर्माचा व्यवसाय होतो आणि व्यवसायाला नियम व नोंदी लागतात.

कायद्याची चौकट

1948 च्या कारखाना अधिनियमाने कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले. 1976 च्या दुरुस्तीने ही अट 30 हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांना लागू झाली. प्रसूती लाभ अधिनियमातील 2017 च्या दुरुस्तीने 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच संख्या कायम आहे. दुसरीकडे, 2006 मध्ये सुरू झालेली राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना 2017 मध्ये राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली आणि 2022 पासून ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पालना’ या नावाने राबवली जात आहे.

या तरतुदी मालकाला किंवा शासकीय अनुदानावर चालणाऱ्या केंद्राला बांधतात. स्वतःच्या घरी चार-पाच मुले सांभाळणाऱ्या महिलेसाठी स्वतंत्र केंद्रीय परवाना कायदा नाही. इंग्लंडमध्ये अशा व्यवसायासाठी नोंदणी सक्तीची असून एका व्यक्तीने आठ वर्षांखालील सहाच मुले सांभाळावीत, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपल्याकडे ही शिस्त आज तरी त्या महिलेनेच स्वतःला लावून घ्यावी लागते.

व्यवसायाची कागदपत्रे

पहिला प्रश्न जागेचा. निवासस्थान कंपनीचे असेल तर वाटपाच्या किंवा भाडेपट्ट्याच्या अटी वाचून आवश्यक ती परवानगी घ्यावी. भाड्याचे घर असेल तर घरमालकाची लेखी संमती घ्यावी. छत्तीसगडचा दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 फेब्रुवारी 2025 पासून लागू झाला. लागू होताना तो 10 वा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. त्यामुळे एखाद्या मदतनीसासह चालणारे घरगुती पाळणाघर त्याच्या कक्षेत येत नाही. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल तर सामान्यतः वस्तू व सेवा कराची नोंदणीही लागत नाही.

जुलै 2020 पासून उपलब्ध असलेली उद्यम नोंदणी ऐच्छिक व विनाशुल्क आहे. ती करून घेणे हिताचे ठरते. पावतीपुस्तक, बँक खाते आणि ही नोंदणी एकत्र असली, की मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटाच्या 50 हजार रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेसमोर उत्पन्नाचा पुरावा ठेवता येतो.

पालकांशी लेखी करार

प्रत्येक मुलाचा प्रवेश-अर्ज असावा. त्यात जन्मतारीख, लसीकरणाची नोंद, वर्ज्य पदार्थ, आजार, डॉक्टरांचे नाव व किमान दोन दूरध्वनी क्रमांक असावेत. मुलाला घेऊन जाण्याचा अधिकार कोणाला आहे, हे छायाचित्रासह लिहून घ्यावे. पाळी बदलली की घ्यायला येणारी व्यक्तीही बदलते. अशा वेळी ओळखीचा चेहरा पुरेसा नसतो.

करारात वेळ, शुल्क, उशीर झाल्यास आकार, सुट्टीतील शुल्क आणि सेवा थांबवण्याची पूर्वसूचना स्पष्ट असावी. दुपारची पाळी संपवून आई रात्री दहानंतर येणार असेल, तर जेवण व झोपेची व्यवस्थाही आधीच ठरवावी. ताप आल्यास काय करायचे हे लिहिलेले असावे. औषध देण्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत व पालकांची सही घ्यावी आणि दिलेली मात्रा वेळेसह नोंदवावी.

सुरक्षिततेच्या नोंदी

केंद्र शासनाच्या 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्षांखालील दर 10 मुलांमागे एक सेविका व सोबत मदतनीस अपेक्षित आहे. एकटीने घर सांभाळणाऱ्या महिलेने याहून बरीच कमी मुले घ्यावीत. मदतनीसाची पोलीस पडताळणी करावी. पडणे, खरचटणे यांसारखी लहान घटनाही अपघात-वहीत त्याच दिवशी लिहून पालकांची सही घ्यावी. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012 नुसार असा अपराध घडल्याचे वा घडण्याची शक्यता असल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. ही बाब घरातील सर्व प्रौढांना माहीत असावी.

नोंदींचे अर्थशास्त्र

घरात विनामोबदला केलेली बालसंगोपनाची सेवा राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जात नाही. तेच काम शेजारी मोबदला घेऊन करते तेव्हा ते उत्पन्न ठरते, परंतु नोंद नसल्यामुळे बहुधा अदृश्य राहते. परिणामी मेहनत करणाऱ्या महिलेला कर्ज मिळत नाही, थकलेले शुल्क मागण्यास आधार राहत नाही, आणि अपघात घडल्यास तिची बाजू मांडणारा एकही कागद नसतो. दररोज पंधरा मिनिटांच्या लेखनाने ही उणीव बरीचशी भरून निघते. त्यापुढील काम शासनाचे आहे. महिला व बालविकास विभागाने जिल्हा पातळीवर सोपी, विनाशुल्क नोंदणी, नमुना-अर्ज आणि प्रथमोपचाराचे अल्पकालीन प्रशिक्षण उपलब्ध करून दिल्यास भिलाईसारख्या औद्योगिक नगरांत अनेक मातांना निश्चिंतपणे कामावर जाता येईल आणि त्यांची मुले सांभाळणाऱ्या महिलांनाही व्यावसायिक म्हणून मान्यता लाभेल.