शहाजी: सुलतानाची पदवी की पिराचा नवस?

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की शेंद्र्याचे कारखाने मागे पडतात आणि करमाड येते. हाच रस्ता जालन्यावरून पुढे सिंदखेडराजाला पोचतो. उलट दिशेने शहर ओलांडून पश्चिमेला गेले की वेरूळ. म्हणजे भोसल्यांचे वेरूळ एका टोकाला, जिजाऊंचे माहेर दुसऱ्या टोकाला आणि मधल्या वाटेवर करमाड. या दोन्ही घरांना जोडणारा माणूस शहाजीराजे. तरीही या पट्ट्यातल्या आजच्या बारशात ‘शहाजी ठेवू या का?’ असे कुणी म्हटले, तर निम्मे घर गप्प होते आणि उरलेले निम्मे प्रश्न विचारू लागते. पन्नाशी-साठी ओलांडलेले शहाजीराव गावोगाव भेटतील. पाळण्यातला शहाजी मात्र शोधावा लागतो. नाव मागे पडण्याला जुनेपणा कारण आहेच, पण त्याच्याभोवती साचलेल्या गैरसमजांचाही वाटा आहे.

पहिला गैरसमज असा की ‘शहाजी’ ही सुलतानाने दिलेली पदवी. फारसीत शाह म्हणजे राजा, राजे निजामशाहीचे आणि पुढे आदिलशाहीचे सरदार, तेव्हा दरबारानेच हे नाव दिले असणार, असा तर्क लढवला जातो. तर्क सुटसुटीत आहे, पण धाकट्या भावाचे नाव ऐकले की तो कोसळतो. त्या भावाचे नाव शरीफजी.

वेरूळचे मालोजीराजे भोसले आणि फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातल्या उमाबाई यांना बरीच वर्षे मूल नव्हते. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या पिराला नवस बोलल्यावर दोन मुलगे झाले, असे बखरी सांगतात. थोरल्याला पिराच्या नावाचा पहिला शब्द मिळाला, धाकट्याला दुसरा. दोन्ही नावे शेजारी मांडली की पिराचे पूर्ण नाव तयार होते. सुलतानाला पदवी द्यायची असती तर त्याने ती दोन तान्ह्या भावांत अशी वाटून कशाला दिली असती? पदव्या राजांना मिळाल्या त्या पुढे, कर्तेपणी. आदिलशाहीत ते सरलष्कर झाले, शाही कागदांत त्यांना ‘फर्जंद’ असेही म्हटले गेले. या पदव्या नावाच्या मागेपुढे लागल्या. नाव पाळण्यातलेच राहिले.

फकिराच्या नावात ‘शाह’ कुठून आला, हेही पाहायला हवे. सूफी परंपरेत फकिराला आदराने शाह म्हणतात. संसाराची आस सोडली तो राजा, असा त्यामागचा भाव. म्हणून दख्खनभर शाह लागलेल्या दर्ग्यांची नावे सापडतात. ‘शरीफ’ हा शब्द अरबी. कुलीन, प्रतिष्ठित हा त्याचा मूळ अर्थ. आज मराठीत ‘शरीफ माणूस’ म्हटले की सज्जन एवढेच कळते. गुजराती व्यापाऱ्यांच्या शहा आडनावाशी मात्र या नावाची गल्लत करू नये. ते आडनाव साधू, साहू या संस्कृत-प्राकृत वळणाने आले आहे. सावकारातला ‘साव’ त्याच कुळातला.

शेवटचा ‘जी’ तर निव्वळ मराठमोळा आदर. शिवरायांच्या राजमुद्रेत वडिलांचा उल्लेख ‘शाह’ एवढाच आहे. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही हे दोघे भाऊ शाह आणि शरीफ म्हणूनच येतात. संस्कृत महाकाव्यात एक फारसी आणि एक अरबी नाव नांदते आहे, आणि त्याचे कवीला काही वाटत नाही, त्याच्या राजालाही वाटत नाही.

दुसरा गैरसमज इथूनच निघतो. ‘असे नाव म्हणजे घराण्याचा धर्माकडे ओढा कमी’, असे कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतो. मालोजीराजांच्या बाबतीत तर हे बोलूच नये. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी केला. त्यानंतर अठराव्या शतकात ते काम अहिल्याबाई होळकरांनी केले. शिखर शिंगणापूरला पाण्याची टंचाई होती, तिथे मालोजीराजांनी तलाव बांधला. शंभू महादेवाचा भक्त पिराला नवस बोलत होता, आणि त्या काळात ही दोन टोके आहेत असे कुणाला वाटत नव्हते. शिवनेरीच्या शिवाईवरून शिवाजी हे नाव आले, असे परंपरा सांगते. खंडोबावरून खंडू आणि मल्हारी होतात. पिरावरून पिराजी होतो आणि फकिराच्या कृपेने फकिरा. अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ मध्ये आली आणि हे नाव मराठी वाचकाच्या घरात कायमचे पोचले. कोल्हापूरच्या शाहीर पिराजीराव सरनाईकांचे नावही याच रीतीचे.

फारसी-अरबी शब्दांवरून नावे ठेवणे ही तर मराठा घराण्यांची जुनी सवय. चाकणचा किल्ला शर्थीने लढवणारा फिरंगोजी नरसाळा, शाहू महाराजांच्या काळातला सुलतानजी निंबाळकर. सगळ्यांत बोलके उदाहरण वारीतले. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा आरफळकर. ‘हैबत’ हा अरबी शब्द, अर्थ दरारा. आळंदीच्या वाटेवर लाखो वारकरी हे नाव भक्तिभावाने घेतात आणि त्याचे मूळ कोणत्या भाषेत आहे याची चौकशी करत नाहीत.

तिसरा गैरसमज धाकट्या बहिणीसारख्या दिसणाऱ्या नावाबद्दल आहे: शाहू. ‘शाहू हे नाव औरंगजेबाने दिले’ ही गोष्ट अजून शाळेत, कीर्तनात, गप्पांत रंगवून सांगितली जाते. बापाला चोर म्हटले आणि या पोराला साव, म्हणून शाहू. गोष्ट चटकदार आहे. संभाजी महाराजांच्या या मुलाचे जन्मनाव आजोबांचे, म्हणजे शिवाजी, हे खरे. तो १६८२ मध्ये जन्मला आणि १६८९ मध्ये रायगड पडल्यावर येसूबाईंसह मोगलांच्या हाती लागला, हेही खरे. पण भोसले घराण्यात हे नाव रुजायला औरंगजेबाच्या छावणीची गरज नव्हती. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांचा मुलगा तंजावरला १६८४ मध्ये गादीवर आला. तो शहाजी. आजोबांचे नाव नातवाला, ही सरळ मराठी रीत. या तंजावरच्या राजालाही शाहजी, शाहूजी असे म्हटले जाई. दोन्ही नावे बोलण्यात किती सहज एकमेकांत मिसळत, हे त्यावरून दिसते.

या तंजावरच्या शहाजीची ओळख महाराष्ट्रात फारशी नाही, म्हणून इथे जरा थांबायला हवे. तो १७१२ पर्यंत राज्य करत होता आणि स्वतः लिहिता होता. ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ हे त्याचे तेलुगू गेय नाटक. कावेरीकाठचे तिरुविशनल्लूर हे गाव त्याने १६९३ मध्ये विद्वानांना दान दिले आणि त्या गावाला नाव मिळाले शाहजीराजपुरम. वेरूळच्या पाटलाच्या घरचे नवसाचे नाव शंभर वर्षांत तमिळ गावाच्या नावात जाऊन बसले. एवढा प्रवास फार थोड्या मराठी नावांनी केला असेल.

नावाचा मान पुढेही टिकला. १९४७ मध्ये देवासचे विक्रमसिंह पवार कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा त्यांनी शहाजी हे नाव घेतले. कोल्हापूरचे राजर्षी शाहूही कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. १८८४ मध्ये दत्तक आल्यावर ते शाहू झाले. अलीकडच्या पिढीला मात्र ‘शहाजी’ म्हटले की २०२२ मधला फोनवरचा एक संवाद आठवतो. सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीहून झाडी, डोंगर आणि हाटेलाचे वर्णन केले आणि नाव एका रात्रीत घरोघरी पोचले. त्यामुळे पाळण्यात शहाजी वाढले का, हा वेगळा प्रश्न आहे. वाढलेले दिसत नाहीत.

शरीफजीचे नशीब आणखी वेगळे. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत निजामशाहीच्या मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. भोसले बंधू निजामशाहीकडून लढत होते. शरीफजी तिथेच पडले. अहिल्यानगरजवळच्या भातोडीत त्यांची समाधी आहे. थोरल्या भावाचा मुलगा छत्रपती झाला, त्यामुळे थोरल्याचे नाव चालत राहिले. धाकट्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकाबाहेर फारसे आलेच नाही. दुर्मीळच नाव हवे असेल, तर याच्याइतके दुर्मीळ मिळणे कठीण.

आता लोकप्रियतेचे आकडे. ‘अमुक नाव देशात तमुक क्रमांकावर’ असे छापणाऱ्या याद्या मोबाइलवर ढिगाने मिळतात. इंग्लंड आणि अमेरिकेत सरकारी खाती दरवर्षी बाळांच्या नावांची क्रमवारी जाहीर करतात. आपली जनगणना तशी क्रमवारी छापत नाही. तेव्हा ‘शहाजी’पुढे कुठे क्रमांक दिसला, तर तो त्या संकेतस्थळाने कुणी किती वेळा शोधले यावरून लावलेला, किंवा सरळ मनाने लावलेला असतो. ‘शुभ अंक’ आणि ‘शुभ रंग’ यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

ज्यांना हे नाव ठेवायचेच आहे त्यांनी एक काम जपून करावे. शहाजी, शाहजी, शाहाजी अशी तिन्ही रूपे जुन्या कागदांत सापडतात आणि तिन्ही बरोबर आहेत. पण जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि शाळेत तिसरे लागले की मुलाला पुढे हेलपाटे पडतात. जन्माची नोंद नावाविना झाली असेल, तर बारा महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येते. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आत्याने कानात सांगितलेले रूपच ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत उतरले आहे ना, हे दाखला हातात घेण्याआधी वाचून पाहा.